गावातून जाणारा महामार्ग आणि पायी चालणारी माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या गावात मी राहते. रस्ता दोनपदरी होता तेव्हा आम्ही तो धावत ओलांडायचो. चौपदरी झाला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, आणि मग लक्षात आलं की बाजारातून शाळेत, स्टँडवरून दवाखान्यात जायचं कसं, हे कुणी ठरवलेलंच नाही. तेव्हापासून आम्ही काही जण या एकाच कामामागे आहोत. आजूबाजूच्या गावांतून लोक फोन करून विचारतात ते प्रश्न आणि त्यांची आम्हाला सापडलेली उत्तरं इथे दिली आहेत.

महामार्ग गाड्यांसाठीच असतो ना? माणसांनी त्यावर यायचंच कशाला?

द्रुतगती मार्गावर पायी जायला बंदी असते. गावातून जाणाऱ्या महामार्गावर तशी बंदी नसते, आणि असू शकतही नाही, कारण तोच गावाचा मुख्य रस्ता असतो. बहुतेक ठिकाणी गाव आधी आणि महामार्ग नंतर. आमच्याकडचा रस्ता आधी १७ क्रमांकाचा होता, आता ६६ झाला. क्रमांक बदलला, रुंदी बदलली, पण शाळा, देऊळ, बँक आणि रेशन दुकान जिथल्या तिथेच आहेत. त्यामुळे माणूस रस्त्यावर येत नाही, रस्ताच माणसाच्या वाटेत आला आहे. इथून सुरुवात केली तर पुढची उत्तरं सोपी जातात.

धोका खरंच एवढा आहे का?

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. देशातल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांची लांबी जेमतेम दोन टक्के, पण एक तृतीयांशाहून जास्त मृत्यू त्यांच्यावर झाले. महाराष्ट्रात दरवर्षी १५ हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर मरतात.

आता हिशेब गावाच्या पातळीवर करून पाहू. ड्रायव्हरला समोर माणूस दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत ताशी ३० किलोमीटर वेगात सुमारे १८ मीटर अंतर जातं, ५० च्या वेगात ३५ मीटर आणि ८० च्या वेगात जवळपास ७० मीटर. हे कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि दीड सेकंदात ब्रेकवर पडलेला पाय धरून. कोकणात चार महिने रस्ता ओला असतो, म्हणजे आकडे आणखी वाढवा.

दुसरी बाजू चालणाऱ्याची. चार मार्गिका मिळून साधारण १४ मीटर होतात. म्हातारं माणूस सेकंदाला पाऊण-एक मीटर चालतं, म्हणजे पार व्हायला त्याला १७-१८ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ८० ने येणारी गाडी जवळपास ३९० मीटर कापते. वळणाच्या रस्त्यावर एवढ्या लांबचं दिसतच नाही. म्हणजे आजी पाऊल टाकते तेव्हा रस्ता खरोखर मोकळा असतो, आणि ती मधोमध पोचते तेव्हा तो मोकळा राहिलेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीचा वेग ५० वरून ६५ झाला, तर तिची धडक बसलेला पादचारी मरण्याची शक्यता साडेचार पटींनी वाढते. पंधरा किलोमीटरचाच फरक आहे. गाडीत बसलेल्याला तो जाणवतसुद्धा नाही.

पण चूक बऱ्याचदा पादचाऱ्याचीच असते. बघून का ओलांडत नाहीत?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाजाराच्या दिवशी आम्ही स्टँडसमोर वही घेऊन बसलो होतो. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेतलेली एक म्हातारी दुभाजकापाशी आली. दुभाजक तिच्या गुडघ्याएवढा. तिने आधी पाटी उतरवून त्यावर ठेवली, मग पाटीवरच हात टेकून एक पाय वर घेतला, मग दुसरा. वर उभी राहिली, पलीकडे उतरली, पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि मग थांबून डावीकडे बघितलं. या सगळ्यात एक डंपर आणि दोन कार तिच्या पदराला वारा देऊन गेल्या. ती प्रत्येक वेळी बघत होती. तिच्याइतकं काळजीपूर्वक रस्ता ओलांडताना मी कुणाला पाहिलेलं नाही. जवळची फट, जिथून चालत जाता आलं असतं, ती तिथून बरीच लांब होती, आणि तिथे बाजार नव्हता.

तिला आपण बेशिस्त म्हणणार का? मला ते जमत नाही. शाळेतलं मूल, घाईतली बाई, पेन्शन आणायला निघालेले आजोबा, सगळे कधी ना कधी चुकणारच. चुकीला मरणाची शिक्षा होणार नाही असा रस्ता करणं हे अभियंत्याचं काम आहे. कायदाही काही चालणाऱ्याच्या विरोधात नाही. २०१७ च्या वाहनचालन नियमांप्रमाणे पादचारी पट्ट्यांपाशी वेग कमी करणं, गरज पडल्यास थांबणं आणि चालणाऱ्याला आधी जाऊ देणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे.

आमच्या गावातला रस्ता नेमका कुणाच्या ताब्यात आहे, हे कसं कळणार?

किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग.

राष्ट्रीय महामार्ग असला तरी तो दोघांपैकी एकाकडे असू शकतो: भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा राष्ट्रीय महामार्ग विभाग. काही राज्य रस्ते रस्ते विकास महामंडळाकडे असतात. बायपास झाल्यावर गावातला जुना रस्ता बांधकाम विभागाकडे किंवा नगरपंचायतीकडे वर्ग होतो. पहिलं पत्र चुकीच्या दारात पडलं की दोन-तीन महिने फुकट जातात, आमचे गेले आहेत. म्हणून आधी बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन उपअभियंत्यांनाच विचारा की अमुक किलोमीटर ते अमुक किलोमीटर कुणाकडे आहे. ही चौकशी सोपी आहे, कुणी नाही म्हणत नाही.

सरळ दोन स्पीडब्रेकर घालून टाकले की झालं ना?

राष्ट्रीय महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवर स्पीडब्रेकर नकोत, असलेले काढा, असा केंद्राचा २०१६ पासूनचा आदेश आहे. त्यामागे कारणही आहे. वेगात आलेल्या गाडीला अचानक उंचवटा लागला की दुचाकीवरचे उडतात आणि मागचा ट्रक पुढच्या गाडीवर चढतो.

अपघात झाल्यावर रातोरात डांबराचा नाहीतर मातीचा ढीग टाकायची पद्धत आपल्याकडे आहे. त्यामागचा राग मला पूर्ण समजतो, कारण त्या रात्री दुसरं काहीच हातात नसतं. पण फूट-दीड फूट रुंदीचा, रंग न मारलेला तो ढीग पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या घरात रडारड करवतो. जिथे स्पीडब्रेकर चालतो तिथे त्याचं माप ठरलेलं आहे: गोलाकार, सुमारे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. असा उंचवटा गाडीला आदळत नाही, सावकाश वर घेतो आणि सावकाश खाली सोडतो. त्याच्या आधी सूचनाफलक हवा आणि त्यावर अंधारात चमकणारे पट्टे हवेत.

स्पीडब्रेकर मागायचाच असेल तर महामार्गाला येऊन मिळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी आणि सर्व्हिस रोडवर मागा. तिथे तो बसतो आणि तिथे त्याची गरजही असते.

मग मुख्य रस्त्यावर वेग कमी कसा करायचा?

जुन्या गावांना वेस असायची. वेशीतून आत आलं की पाहुण्याला कळायचं, आता आपण गावात आहोत. आज ताशी ९० ने येणाऱ्या ड्रायव्हरला गाव आलं हे कळायला काहीच नसतं. रस्ता तेवढाच रुंद, तेवढाच सरळ, आणि एकदम समोर रिक्षा. म्हणून गावाला वेस परत द्या, असं आम्ही सांगतो.

वस्ती सुरू व्हायच्या आधी, पहिल्या घरापासून निदान दीड-दोनशे मीटर अलीकडे, रंबलर हवेत. रस्त्यावर आडवे मारलेले जाड पांढरे पट्टे, ज्यांवरून जाताना गाडी थरथरते, ते हे. ते घरांना लागून मारू नयेत, रात्रभर घडघड ऐकू येते आणि महिन्याभरात लोकच ते उखडायला लावतात. त्यानंतर दोन्ही बाजूंना मोठे फलक: गावाचं नाव आणि वेगमर्यादा. त्यानंतर रस्ता अरुंद झालेला दिसला पाहिजे. दिसला म्हणते, कारण डांबर कमी करावंच लागतं असं नाही. साडेतीन मीटरची मार्गिका रंगाच्या पट्ट्यांनी सव्वातीन मीटर केली, कडेला खांब किंवा झाडं आली, दुभाजकाचं तोंड रंगवलं, की पाय आपोआप ॲक्सिलेटरवरून उठतो. फलक वाचून जेवढे लोक हळू होतात, त्याहून जास्त रस्त्याचा आकार बघून होतात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत वाहतूक संथ करण्याचे उपाय मापांसकट दिले आहेत. पत्रात तिचा उल्लेख केला की समोरचा अभियंता पत्र जरा नीट वाचतो.

आणि वेग टप्प्याटप्प्याने उतरवा: ८० वरून ५०, मग बाजारात ३०. एकदम ८० वरून ३० चा फलक कुणी पाळत नाही.

वेगमर्यादेचा फलक ग्रामपंचायतीने स्वतः लावला तर चालेल का?

लावता येईल, पण त्याला कायद्याचा आधार नसेल. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर कारला ताशी १०० पर्यंत परवानगी दिली आहे, इतर रस्त्यांवर ७०. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली राज्य शासन किंवा शासनाने अधिकार दिलेली यंत्रणा ठरावीक टप्प्यासाठी ती कमी करू शकते. तशी अधिसूचना निघाली तरच पोलीस दंड करू शकतात. म्हणून ठरावात "फलक लावावा" असं लिहू नका, "वेगमर्यादा अधिसूचित करून फलक लावावा" असं लिहा.

झेब्रा पट्टे कुठे मारावेत?

लोक आत्ता जिथून ओलांडतात तिथेच.

ती जागा शोधायला कुठलाही सल्लागार लागत नाही. दुभाजकातलं गवत कुठे मेलंय बघा. जाळीचा गज कुठे वाकवलाय, माती कुठे तुडवून घट्ट झालीय, भिंतीतला दगड कुठे निखळलाय. ती गावाने पायांनी काढलेली खूण आहे. आमच्याकडे आराखड्यात पट्टे एका ठिकाणी होते आणि मेलेलं गवत दुसऱ्या. पट्टे आजही कोरे करकरीत आहेत, त्यावरून कुणी चालतच नाही.

मात्र नुसते पट्टे मारून सोडून देऊ नका. वेग कमी न करता चौपदरी रस्त्यावर मारलेले पट्टे उलट घातकी, कारण चालणाऱ्याला वाटतं गाडी थांबेल, आणि ड्रायव्हरला थांबायची सवयच नाही. शिवाय एका मार्गिकेतली गाडी थांबली तरी तिच्या आडून दुसऱ्या मार्गिकेतली येते. लहान मुलं अशीच सापडतात. म्हणून आधी रंबलर आणि वेस, मग पट्टे, पट्ट्यांच्या बऱ्याच अलीकडे थांबरेषा, आणि दुभाजकात उभं राहायला जागा.

दुभाजकात जागा म्हणजे नेमकं काय?

पट्ट्यांच्या रेषेत दुभाजक कापून रस्त्याच्या पातळीला आणायचा, म्हणजे पाय उचलायला लागत नाही, व्हीलचेअर आणि बाळाची गाडीही जाते. रुंदी निदान दोन मीटर, म्हणजे सायकल हातात धरून उभं राहिलं तरी तिचं चाक बाहेर येत नाही. दोन्ही टोकांना मजबूत खांब, गाडी आत घुसू नये म्हणून. यामुळे १४ मीटरचं एक मोठं ओलांडणं सात-सात मीटरच्या दोन छोट्या ओलांडण्यांत मोडतं. एका वेळी एकाच दिशेला बघायचं. या सगळ्या उपायांत मला हा सर्वांत प्रिय आहे, कारण खर्च थोडा आणि म्हातारी माणसं तो दुसऱ्या दिवसापासून वापरू लागतात.

पादचारी पूलच बांधून टाकला तर?

नेतेमंडळींना पूल आवडतो, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. पण महामार्गावरच्या पुलाखालून उंच ट्रक जायला हवा, म्हणजे साडेपाच-सहा मीटर वर चढायचं आणि तेवढंच उतरायचं. चाळीस-चाळीस पायऱ्या. गुडघेदुखीची बाई, गॅस सिलिंडर घेतलेला माणूस, तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेतलेली आई पुलावर जात नाही. सगळे खालूनच जातात, आणि मग वर्तमानपत्रात येतं की पूल असूनही लोक वापरत नाहीत.

पूल दोनच ठिकाणी बरा: रस्ता खोल कापलेला असेल आणि दोन्ही बाजूंची गावं वरच्या पातळीवर असतील तेव्हा, किंवा वेग कमी करणं खरोखर शक्यच नाही अशा ठिकाणी. आमच्याकडे डोंगर कापून केलेल्या रस्त्यावर पहिला प्रकार आढळतो, तिथे अवश्य मागा.

आणि भुयारी मार्ग?

रस्ता भरावावर उंच असेल तर उत्तम. सपाट जागी खाली खोदलेला भुयारी मार्ग कोकणात जून ते सप्टेंबर पाण्याने भरतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे निचऱ्याची सोय आधी दाखवा, मग होकार द्या. आत दिवा हवा, आणि एका तोंडातून दुसरं तोंड सरळ दिसायला हवं. वळण असलेल्या अंधाऱ्या भुयारात मुली संध्याकाळी जात नाहीत.

सिग्नल बसवून मिळेल का?

मुख्य चौकात मिळू शकतो, पण तो चालू राहील याची खात्री करून घ्या. पिवळा उघडझाप करणारा दिवा म्हणजे सिग्नल नव्हे, त्याला कुणी थांबत नाही. सिग्नल मिळालाच तर चालणाऱ्यांच्या हिरव्या दिव्याला किती सेकंद दिलेत ते घड्याळ लावून मोजा. वर सांगितलेल्या आजीच्या चालीने हिशेब करा आणि कमी पडत असतील तर लेखी कळवा.

फुटपाथवर टपऱ्या आहेत. आधी त्या हटवायला नकोत का?

फुटपाथ मोकळा हवा, यात वाद नाही. आयआरसीच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार चालायला निदान १.८ मीटर अडथळ्याविना रुंदी हवी, बाजारात त्याहून जास्त, आणि फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळा नसलेला फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पादचाऱ्यांबद्दल आणि रस्त्यांच्या आराखड्याबद्दल सहा महिन्यांत नियम करा, असं राज्यांना सांगितलं. निवेदनात हे दोन्ही संदर्भ द्या.

पण टपरीवाल्याला शत्रू करू नका. बऱ्याच ठिकाणी फुटपाथ अडवणारी पहिली गोष्ट टपरी नसते: उघडं गटार, विजेचा डीपी, आडवी लावलेली कार आणि दुकानाच्या पुढे आलेली पायरी असते. टपरीवाला २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली येतो, त्याला उठवायचं तर आधी जागा द्यावी लागते. चार पावलं मागे, गटारावर झाकण टाकून त्यावर एका ओळीत जागा दिली, तर चालायला वाट मिळते आणि त्याचं पोटही चालतं. शिवाय रात्री नऊला रस्त्यावर जो उजेड आणि जाग असते, ती त्याच्याचमुळे.

महामार्गावर चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट असते, असं कुठे केलंय तरी का?

केलंय, आणि आपल्याच राज्यात. संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५ आणि ९६५ जी. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हाच आराखड्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी चालायची वाट धरलेली होती. म्हणजे महामार्ग आखताना पायी माणूस मनात आणता येतो. आषाढीला चालणाऱ्यासाठी जे सुचलं, ते रोज शाळेत चालत जाणाऱ्या पोरीसाठीही सुचायला हवं. बैठकीत कुणी "महामार्गावर असं करता येत नाही" म्हणालं, की मी हे उदाहरण देते.

एसटीचा थांबा कुठे असावा?

पादचारी पट्टे ओलांडून पुढे. थांबा पट्ट्यांच्या अलीकडे असेल तर उतरलेली माणसं एसटीच्या पुढून धावतात आणि ओव्हरटेक करणाऱ्याला ती दिसत नाहीत. थांबा पुढे असला की माणसं बसच्या मागून ओलांडतात आणि येणाऱ्या गाडीला दिसतात. वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या खासगी गाड्याही तिथेच थांबतील असं रिक्षा संघटनेशी बसून ठरवा. आमच्याकडे एका चहावर ठरलं.

रात्रीचं काय?

देशभरात सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते ९ मध्ये होतात. बाजार उठायची, क्लास सुटायची, शेवटची एसटी यायची हीच वेळ.

हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे मोठे दिवे, चौकात लावतात आणि पट्टे अंधारात राहतात, असं सर्रास दिसतं. दिवा पट्ट्यांच्या थोडा अलीकडे, गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला हवा, म्हणजे चालणाऱ्याच्या अंगावर उजेड पडतो. दिवा मागे असला तर ड्रायव्हरला नुसती काळी आकृती दिसते, तीही उशिरा. वीजबिल कोण भरणार, यावर दिवे बंद राहतात. ते आधी लेखी ठरवून घ्या.

बायपास किंवा उड्डाणपूल झाला की प्रश्न मिटेल ना?

बराचसा हलका होतो. झाराप-पत्रादेवी रस्त्याने महामार्ग सावंतवाडीबाहेरून गेला, कणकवलीत तो उड्डाणपुलावरून जातो. लांबची वाहतूक बाजारातून निघून गेली की गाव मोकळा श्वास घेतं. पण बायपासच्या पलीकडे कुणाची तरी शेती, वाडी, स्मशान असतंच, आणि तिथे नवीन ओलांडणं तयार होतं, तेही जास्त वेगाच्या रस्त्यावर. त्याचा भुयारी मार्ग आराखड्यातच मागावा लागतो, नंतर मिळणं फार कठीण. उड्डाणपुलाबाबत एकच सांगते: खांबांवरचा पूल मागा. मातीच्या भरावाच्या भिंती आल्या की गावाचे दोन तुकडे होतात.

आणि बायपासला किती वर्षं लागतील हे कुणी सांगू शकत नाही. तोवर मुलं रोज दोनदा रस्ता ओलांडणारच आहेत, म्हणून बाकीचे उपाय थांबवू नका. बायपासनंतर जुना रस्ता मोकळा होऊन त्यावर वेग वाढतो, हेही ध्यानात असू द्या.

"इथे ब्लॅकस्पॉट नाही" असं उत्तर मिळालं. आता माणसं मरायची वाट बघायची का?

नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू झाले, तर तो ब्लॅकस्पॉट, अशी व्याख्या आहे. ती पैसा आधी कुठे खर्चायचा हे ठरवण्यासाठी आहे. बाकी ठिकाणी काहीच करू नये, असं ती म्हणत नाही. तुम्ही रस्ता सुरक्षा ऑडिट, म्हणजे रस्त्यावरचे धोके शोधणारी तपासणी मागा. ते अपघात होण्याआधी करायचं असतं, आणि त्याची आयआरसीची स्वतंत्र पुस्तिका आहे.

शिवाय नोंदच अपुरी असते. पाय मोडला, तडजोड झाली, गुन्हा नोंदलाच नाही, असे अपघात मोजले जात नाहीत. गावात एक वही ठेवा: तारीख, वेळ, जागा, वाहन, काय झालं. नावं लिहू नका. थोडक्यात वाचलेले प्रसंगही लिहा.

अर्ज कुणाकडे आणि कसा करायचा?

आधी ग्रामसभेचा किंवा नगरपंचायतीचा ठराव. मग तो जोडून कार्यकारी अभियंता किंवा प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना पत्र, आणि प्रती जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आरटीओ यांना. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि ही सगळी खाती तिथे एकत्र बसतात. "पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा" हे वाक्य पत्रात असू द्या. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. फोनवरचं आश्वासन धरू नका.

पत्र एका पानाचं हवं. किलोमीटर क्रमांक, फोटो, मेलेल्या गवताचाही फोटो, आणि तीनच मागण्या. आमच्या पहिल्या निवेदनात सतरा मागण्या होत्या, एकही झाली नाही. दुसऱ्यात तीन होत्या.

उत्तर आलं नाही तर पहिल्या सोमवारचा जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन आहे. माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं की आमच्या पत्रावर काय कार्यवाही झाली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९८ अ कळवून ठेवा: आराखड्याची किंवा देखभालीची मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण धोका लेखी कळवला होता ही नोंद महत्त्वाची.

दुकानदार विरोध करतात. त्यांना काय सांगायचं?

त्यांना वाटतं गाडी थांबली नाही तर गिऱ्हाईक जाईल. त्यांच्याच दुकानासमोर तासभर बसा आणि आत येणाऱ्यांत पायी किती, गाडीतून किती, हे त्यांनाच मोजू द्या. आमच्याकडे सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या किराणावाल्याने स्वतः मोजलं, आणि पुढच्या बैठकीला तो आमच्या बाजूला बसला.

अपघात झालाच तर?

१०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जखमीला उचलायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना आहे. धडक देऊन गाडी पळून गेली तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार भरपाई मिळते, अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं. दुःखात असलेल्या माणसांना कागद गोळा करायला सोबत लागते, शेजाऱ्यांनी तेवढं करावं.

काम झालं. आता आणखी काय?

आता पावसाळ्यानंतर बघायला जा. रंग पुसलेला असतो, रस्त्यात बसवलेले चमकणारे कॅट आय उखडलेले असतात, फलकापुढे फांदी वाढलेली असते, दुभाजकातला एखादा खांब ट्रकने आडवा केलेला असतो. आम्ही दरवर्षी गणपती विसर्जनानंतरचा पहिला रविवार ठरवून ठेवला आहे. शाळेतली सात-आठ मुलं, एक टेप, एक वही. मुलं पट्टे मोजतात, दिवे मोजतात, आणि ओलांडायला किती सेकंद लागले ते लिहितात. सोमवारी ती वही उपविभागीय कार्यालयात जाते आणि त्यावर आवक शिक्का पडतो.